दार कुणी उघडायचं?

टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओ शहराच्या पश्चिमेला सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर उवाल्डे नावाचं गाव आहे. वस्ती पंधरा हजारांच्या आसपास, बहुतेक कुटुंबं मेक्सिकन वंशाची. २४ मे २०२२ रोजी, मंगळवारी, गावातल्या रॉब प्राथमिक शाळेत बक्षीस समारंभ झाला. उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आली होती. दुसरी ते चौथीच्या मुलांची ही शाळा. आईवडील आले, प्रशस्तिपत्र हातात धरलेल्या मुलांचे फोटो काढले आणि बरेचसे मुलांना वर्गात सोडून कामावर परतले.

साडेअकराच्या जरा आधी शाळेच्या मागच्या बाजूला एक ट्रक नालीत जाऊन पडला. त्यातून उतरलेला मुलगा अठरा वर्षांचा होता. निघण्यापूर्वी त्याने स्वतःच्या आजीच्या चेहऱ्यावर गोळी झाडली होती. अठरावा वाढदिवस होताच आठवड्याभरात त्याने दोन रायफली रीतसर, कायदेशीर मार्गाने विकत घेतल्या होत्या. त्याचं नाव इथे लिहिण्याची मला गरज वाटत नाही. ११ वाजून ३३ मिनिटांनी तो पश्चिमेकडच्या इमारतीत शिरला. बाहेरचं दार एका शिक्षिकेने ओढून घेतलं होतं, पण त्याचं कुलूप लागलं नव्हतं. १११ आणि ११२ हे दोन वर्ग आतल्या दाराने एकमेकांना जोडलेले होते. या दोन वर्गांत त्याने जेमतेम अडीच मिनिटांत शंभराहून अधिक गोळ्या झाडल्या.

पुढचं सगळं समजून घ्यायचं तर एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. पोलीस उशिरा आले नाहीत. हल्लेखोर आत गेल्यावर तीन मिनिटांच्या आत पोलीस त्याच इमारतीत होते. काही जण थेट त्या दोन वर्गांच्या दारापर्यंत गेले. आतून गोळ्या आल्या, दोघांना चाटून गेल्या, आणि सगळे कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना मागे हटले. तेव्हा ११ वाजून ३७ मिनिटं झाली होती. दार उघडून पोलीस आत गेले ते १२ वाजून ५० मिनिटांनी. हल्लेखोर शाळेत शिरल्यापासून तो मारला जाईपर्यंत सत्त्याहत्तर मिनिटं गेली. एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या.

असा प्रसंग आला तर काय करायचं हे त्या पोलिसांना माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर हा इतिहास वेगळा झाला असता. पण त्यांना ते माहीत होतं, आणि ते ज्ञान बऱ्याच अंशी टेक्सासमध्येच घडलेलं होतं.

१ ऑगस्ट १९६६ रोजी याच राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनला, टेक्सास विद्यापीठाच्या उंच मनोऱ्यावरून एका माजी सैनिकाने खालच्या माणसांवर नेम धरून गोळ्या झाडल्या. दीड तासाहून अधिक वेळ हे चाललं होतं. शहराकडे तेव्हा खास पथक वगैरे काही नव्हतं. रामिरो मार्टिनेझ हा गस्तीचा पोलीस त्या वेळी सुट्टीवर होता. बातमी कळताच त्याने घरी गणवेश चढवला आणि मनोरा गाठला. ह्यूस्टन मॅककॉय हा दुसरा पोलीस आणि विद्यापीठाच्या पुस्तकांच्या दुकानातला एक कर्मचारी, ॲलन क्रम, हेही वर चढले. त्यांना कुणी हुकूम दिला नव्हता. वरच्या सज्जात पोचून त्यांनी हल्लेखोराला ठार केलं.

या घटनेनंतर अमेरिकी शहरांनी ठरवलं की अशा कामासाठी विशेष पथकं हवीत. साठीच्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसने ‘स्वॅट’ पथक उभं केलं आणि मग ती पथकं देशभर पसरली. निर्णय शहाणपणाचाच होता. पण त्याची एक वेगळी किंमत चुकवावी लागली, जी अनेक वर्षं कुणाच्या ध्यानात आली नाही. साध्या पोलिसाचं काम आता बदललं. परिसराला वेढा घाला, रस्ते बंद करा, विशेष पथक येईपर्यंत थांबा. ओलीस धरणाऱ्या, पैसे मागणाऱ्या, वाटाघाटी करणाऱ्या गुन्हेगारासमोर ही पद्धत चालून जाते, कारण तिथे वेळ पोलिसांच्या बाजूने असतो. ज्याला फक्त मारायचंच आहे त्याच्यासमोर तीच पद्धत घातक ठरते.

२० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये ती तशी ठरली. दोन विद्यार्थ्यांनी बारा विद्यार्थी आणि एका शिक्षकाला मारलं. शाळेवर नेमलेल्या पोलिसाची सुरुवातीलाच त्यांच्याशी बाहेरच्या बाहेर चकमक झाली, पण तो आत गेला नाही. पोलिसांच्या गाड्या येत राहिल्या आणि त्यांनी शाळेला वेढा घातला. ग्रंथालयात टेबलांखाली लपलेली मुलं त्याच वेळी मारली जात होती. स्वॅटची पहिली तुकडी आत शिरली ती दुपारी बाराच्या पुढे, आणि त्याच सुमारास हल्लेखोरांनी स्वतःला संपवलं.

त्यानंतरही पोलीस एकेक खोली तपासत सावकाश पुढे सरकत राहिले. डेव्ह सँडर्स नावाच्या शिक्षकाने पोरांना पळवून लावताना गोळ्या झेलल्या होत्या. विज्ञानाच्या एका वर्गात विद्यार्थ्यांनी अंगातले शर्ट काढून त्यांच्या जखमांवर दाबून धरले. फोनवरून बाहेर वारंवार कळवलं. शेवटी खिडकीत एक फळा उभा केला आणि त्यावर लिहिलं की इथे एक जण रक्तस्रावाने मरतो आहे. मदत येतेच आहे असं त्यांना सांगितलं जात राहिलं. सँडर्सपर्यंत पोलीस पोचले तेव्हा तीन तास उलटून गेले होते. सँडर्स शाळेतच मरण पावले. पुढे त्यांच्या कुटुंबाशी काउंटीने पंधरा लाख डॉलर देऊन तडजोड केली.

कोलंबाइननंतर अमेरिकी पोलिसांनी आपली शिकवण मुळापासून बदलली, आणि ही गोष्ट मनापासून मान्य केली पाहिजे. संस्था स्वतःची चूक एवढी स्पष्टपणे क्वचितच कबूल करतात. २००२ मध्ये टेक्सास स्टेट विद्यापीठात ‘ॲलर्ट’ नावाचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. २०१३ मध्ये एफबीआयने त्याचा अभ्यासक्रम देशासाठी प्रमाण मानला. तिथली शिकवण एका ओळीत सांगता येते: आधी मारणं थांबवा, मग मरणं थांबवा. वेढा घालत बसू नका. चौघे जमेपर्यंतही थांबू नका. एकटे असाल तर एकटे आत शिरा, गोळ्यांच्या आवाजाच्या दिशेने जा. टेक्सासच्या शालेय पोलिसांना दिल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात तर स्पष्ट लिहिलं आहे की निरपराध माणसांचा जीव ज्याला स्वतःच्या सुरक्षिततेपेक्षा मोठा वाटत नसेल त्याने दुसरा पेशा शोधावा. मार्च २०२२ मध्ये, हत्याकांडाच्या दोन महिने आधी, उवाल्डेच्या शालेय पोलिसांनी याच विषयाचं प्रशिक्षण आपल्याच गावात भरवलं होतं.

आणि त्या दिवशी ११ वाजून ३७ मिनिटांनी ते मागे हटले.

उवाल्डेच्या शाळांचं सहा जणांचं छोटं पोलीस दल होतं. त्याचे प्रमुख पीट अर्रेडोंडो अगदी पहिल्या काही मिनिटांत कॉरिडॉरमध्ये होते. घाईत रेडिओ त्यांच्याजवळ राहिला नव्हता. नियंत्रण कक्षाशी ते मोबाइलवरून बोलले, अधिक शस्त्रं आणि माणसं मागितली. वर्गात एक सशस्त्र इसम कोंडून बसला आहे, आता घाई नाही, आधी बाकीचे वर्ग रिकामे करू, असं त्यांनी मनाशी धरलं. बाकीच्या वर्गांतली मुलं खिडक्यांतून बाहेर काढली गेली हे खरं. पण त्या दोन वर्गांत कुणी जिवंत असेल, हा विचार त्या वेळच्या त्यांच्या एकाही निर्णयात दिसत नाही.

मग किल्ल्यांचा शोध सुरू झाला. दाराला कुलूप आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. अर्रेडोंडो एका दुसऱ्या दारावर किल्ल्या चालवून पाहत होते, मास्टर किल्ली कुठली ते शोधत. खुद्द १११ क्रमांकाच्या वर्गाचं दार बहुधा उघडंच होतं. त्याचं कुलूप नीट लागत नाही हे शाळेत माहीत होतं. टेक्सास विधानसभेच्या चौकशी समितीने पुढे नोंदवलं की त्या दाराची मूठ फिरवून पाहिल्याचा पुरावा सापडत नाही. पहिली गोळीरोधक ढाल ११ वाजून ५२ मिनिटांनी आली, नंतर आणखी तीन आल्या. रायफली तर पहिल्यापासूनच होत्या.

आत चौथीतल्या मुली कुजबुजत्या आवाजात ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करत होत्या. बारा वाजून गेल्यावर ११२ मधून पहिला फोन आला. काही मिनिटांनी पुन्हा. एका फोनवर सांगितलं की आठ-नऊ मुलं अजून जिवंत आहेत. पुढच्या फोनांत पोलिसांना पाठवा अशी विनवणी होती. कक्षाने हा निरोप रेडिओवर सांगितला. कॉरिडॉरमधल्या काहींना तो कळला, काहींचे रेडिओ त्या इमारतीत चालतच नव्हते. उवाल्डे शहर पोलिसांचे त्या दिवशीचे प्रभारी प्रमुख मारिआनो पार्गास यांना मुलं जिवंत असल्याचं सांगितलं गेलं होतं. नोव्हेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. १२ वाजून २१ मिनिटांनी आतून पुन्हा गोळ्यांचे आवाज आले. कॉरिडॉरमधली माणसं काही पावलं पुढे सरकली आणि थबकली. तोपर्यंत साऱ्या अंदाजांची, सबबींची मुदत संपली होती. कोंडून बसलेला इसम गोळ्या झाडतो आहे, म्हणजे तो अजून मारतो आहे. याहून स्पष्ट संकेत काय मिळायचा होता?

कॉरिडॉरमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण जुलैमध्ये ऑस्टिनच्या एका दैनिकाने प्रसिद्ध केलं. मुलांच्या किंकाळ्या संपादकांनी त्यातून काढून टाकल्या. चित्रणात हेल्मेट आणि चिलखत घातलेली माणसं भिंतीला टेकून उभी आहेत, आपसांत बोलत आहेत, रायफल दाराकडे रोखून गुडघ्यावर बसली आहेत. एक जण भिंतीवरच्या डब्यातून सॅनिटायझर घेतो आणि हातावर चोळतो. लोकांच्या मनात हेच दृश्य रुतून बसलं, आणि ते का बसलं हे कुणालाही समजेल. पण मला त्याहून अधिक बोचतो तो दुसरा प्रसंग. ११२ मधल्या एका शिक्षिकेचे पती याच शालेय दलात पोलीस होते. जखमी अवस्थेत तिने त्यांना फोन केला. गोळी लागली आहे असं सांगितलं. ते पुढे जाऊ लागले, तर सहकाऱ्यांनी त्यांना अडवलं, त्यांचं पिस्तूल काढून घेतलं आणि बाहेर नेलं. म्हणजे दाराच्या आत कोण आहे, ती जिवंत आहे, हे त्या कॉरिडॉरमधल्या काही माणसांना नावानिशी ठाऊक होतं. दार उघडलं तेव्हा ती जिवंत होती. रुग्णवाहिका शाळेपासून हलण्याआधीच ती गेली.

शाळेबाहेर आईवडील जमले होते. आत जा, नाहीतर आम्हाला जाऊ द्या, म्हणून ओरडत होते. पोलिसांनी त्यांना ढकललं, रोखून धरलं. एका आईने नंतर सांगितलं की आपल्याला बेड्या घातल्या, त्या निघाल्यावर आपण कुंपण ओलांडून आत धावलो आणि दोन्ही मुलांना घेऊन आलो. बाहेर गर्दी आवरण्यासाठी जे धाडस दिसलं ते आत कुठे गेलं होतं, हा त्या पालकांचा प्रश्न आजही तसाच उभा आहे.

अखेर सीमा सुरक्षा पोलिसांच्या विशेष तुकडीने एक किल्ली मिळवली, दार उघडलं आणि काही क्षणांत हल्लेखोराला मारलं. विधानसभेच्या समितीने मोजलं तेव्हा त्या दिवशी शाळेवर जमलेल्या पोलिसांचा आकडा ३७६ निघाला. त्यात सीमा सुरक्षा दलाचे १४९, राज्य पोलिसांचे ९१, शहर पोलिसांचे २५, शिवाय शेरीफचे, मार्शल खात्याचे, अमली पदार्थविरोधी खात्याचे. सूत्रं कुणाच्या हाती हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. अर्रेडोंडो म्हणाले की आपण स्वतःला प्रमुख समजत नव्हतो. त्यांनीच तयार करण्यात भाग घेतलेल्या आराखड्यात ती जबाबदारी शालेय पोलीसप्रमुखाची, म्हणजे त्यांचीच, होती. पण बाकीच्या तीनशे पंचाहत्तरांना एका माणसामागे लपता येणार नाही. गोळीबार चालू असताना हुकमाची वाट पाहायची नाही, हे त्या प्रशिक्षणाचं सारच होतं. अनुभवी, वरच्या दर्जाचे अधिकारी येत गेले, समोरची शांत गर्दी पाहून कुणीतरी निर्णय घेतला असेल असं समजले, आणि त्या गर्दीत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी पोलिसांच्या शौर्याचं कौतुक केलं, ते धावून गेले नसते तर आणखी वाईट झालं असतं असं सांगितलं. दोन दिवसांत त्यांना म्हणावं लागलं की आपली दिशाभूल केली गेली. बाहेरचं दार एका शिक्षिकेने उघडं ठेवल्याचंही राज्य पोलिसांनी जाहीर केलं. चित्रण पाहिल्यावर ते खोटं निघालं, तिने दार ओढून घेतलं होतं. मेलेल्या मुलांच्या गावात एका शिक्षिकेच्या माथी असा ठपका मारायला किती कमी वेळ लागला, हे विसरता येत नाही. जूनमध्ये राज्य पोलिसांचे संचालक स्टीव्हन मॅक्रॉ यांनी राज्याच्या सिनेटपुढे साक्ष दिली, की तीन मिनिटांतच हल्लेखोराला रोखण्याइतकी माणसं तिथे होती आणि जे झालं ते कोलंबाइनपासून शिकलेल्या सगळ्याच्या विरुद्ध होतं. सारा दोष त्यांनी अर्रेडोंडोंवर टाकला. त्यांचे स्वतःचे ९१ जण तिथे होते. ऑगस्टमध्ये शाळा मंडळाने अर्रेडोंडोंना एकमताने बडतर्फ केलं.

आपल्याकडे अशा वेळी लगेच ‘कर्तव्यात कसूर’ हे शब्द ओठांवर येतात. पोलिसाने मुलांना वाचवलंच पाहिजे, यात वाद तो काय? अमेरिकी न्यायालयांनी मात्र गेल्या काही दशकांत वेगळी वाट धरली आहे, आणि ती माहीत असल्याखेरीज पुढचं कळत नाही. १९८९ च्या डीशेनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की एका खासगी माणसाच्या हिंसेपासून दुसऱ्याला वाचवण्याचं बंधन राज्यघटना सरकारवर घालत नाही. त्या प्रकरणात विस्कॉन्सिनमधल्या चार वर्षांच्या मुलाला बापाने मारून कायमचं अपंग केलं होतं, आणि बापाच्या मारहाणीबद्दल काउंटीच्या अधिकाऱ्यांना आधीपासून माहीत होतं. राज्याने एखाद्याला स्वतःच्या ताब्यात घेतलं असेल, तुरुंगात ठेवलं असेल, तरच गोष्ट निराळी. मग कॅसल रॉकचा खटला. जून १९९९, पुन्हा कोलोरॅडो, कोलंबाइनला जेमतेम दोन महिने झालेले. एका बाईच्या विभक्त नवऱ्याने न्यायालयाचा मनाई हुकूम मोडून तिच्या तीन मुली पळवल्या. ती संध्याकाळपासून पोलिसांना फोन करत राहिली, ठाण्यावर गेली. पहाटे नवरा स्वतःच पोलीस ठाण्यापाशी आला, गोळ्या झाडल्या आणि मारला गेला. ट्रकमध्ये तिन्ही मुलींचे मृतदेह होते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की मनाई हुकमाची अंमलबजावणी पोलिसांकडून करून घेण्याचा घटनात्मक हक्क त्या आईला नव्हता.

हेच तत्त्व पुढे शाळेच्या दाराशी येऊन ठेपलं. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूलमध्ये सतरा जण मारले गेले. शाळेवर नेमलेला पोलीस स्कॉट पीटरसन हत्याकांडाच्या इमारतीजवळ आला आणि शेजारच्या इमारतीच्या आडोशाला पाऊण तासाहून अधिक वेळ उभा राहिला. वाचलेल्या काही विद्यार्थ्यांनी दावा केला. संघीय न्यायाधीशांनी तो फेटाळला, कारण शाळेतली मुलं घटनेच्या अर्थाने राज्याच्या ताब्यात नसतात. शाळेत जाणं कायद्याने सक्तीचं, पण तिथे तुमच्या जिवाची हमी घटनेत नाही. हे वाचताना माझा राग आजही कमी होत नाही. फौजदारी खटल्यात सरकारी वकिलांनी वेगळी युक्ती केली. आत न जाणं हा गुन्हा नसल्याने त्यांनी पीटरसनला मुलांचा सांभाळ करणारी व्यक्ती ठरवून बालकांकडे दुर्लक्ष केल्याचा आरोप लावला. जून २०२३ मध्ये ज्युरीने त्याला सर्व आरोपांतून मुक्त केलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये नॅशव्हिलच्या एका खासगी शाळेत तीन मुलं आणि तीन मोठी माणसं मारली गेली. तिथे पोचलेल्या पोलिसांनी दार उघडून घेतलं, खोल्या पाहत पुढे गेले, वरच्या मजल्यावर गोळ्यांचा आवाज ऐकू येताच थेट तिकडे धावले आणि हल्लेखोराला ठार केलं. पहिल्या फोनपासून चौदा मिनिटांत सारं संपलं. त्यांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण पुढच्याच दिवशी लोकांसमोर आलं. उवाल्डेच्या पालकांनी ते कसं पाहिलं असेल याची कल्पना करवत नाही. जे घडायला हवं होतं ते घडू शकतं, याचा तो पुरावा होता.

जानेवारी २०२४ मध्ये संघीय न्याय विभागाने उवाल्डेवर सुमारे सहाशे पानांचा अहवाल दिला. हा चालू गोळीबार आहे हे ताबडतोब न ओळखणं आणि त्याप्रमाणे आत न शिरणं, हीच सर्वांत मोठी चूक, असं त्यात म्हटलं आहे. ॲटर्नी जनरल मेरिक गार्लंड यांनी गावात येऊन सांगितलं की मान्य पद्धत पाळली असती तर जीव वाचले असते. जूनमध्ये ग्रँड ज्युरीने आरोप ठेवले ते दोघांवर, अर्रेडोंडो आणि शालेय दलातला आणखी एक पोलीस. कलम होतं मुलांना धोक्यात टाकल्याचं. फ्लोरिडाप्रमाणे इथेही वकिलांना दुसऱ्या कामासाठी लिहिलेला कायदा हाती घ्यावा लागला.

त्याआधी, मे महिन्यात, एकोणीस पीडितांच्या कुटुंबांनी उवाल्डे शहराशी वीस लाख डॉलरवर तडजोड केली. ही रक्कम विम्यातून येणारी होती. त्याहून अधिक मागितलं तर नगरपालिकाच बुडेल, आणि आपल्याला याच गावात राहायचं आहे, अशी त्यांची भूमिका होती. पोलिसांच्या पात्रतेचे निकष कडक करावेत, प्रशिक्षण सुधारावं आणि २४ मे हा स्मृतिदिन पाळावा, हेही शहराने मान्य केलं. तडजोड जाहीर झाली त्याच दिवशी त्या कुटुंबांनी आणखी एक घोषणा केली: कॉरिडॉरमध्ये आणि शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या राज्य पोलिसांपैकी नव्वदहून अधिक जणांवर, प्रत्येकाच्या नावानिशी, दावा.